जहाज निघून गेल्यावर : हद्दपार पूर्वजाच्या मागे राहिलेल्या घराचा शोध

(विद्यालयाच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुळाचा इतिहास शोधणारा मनुष्य मागे जात जात बहुधा अशा एका पूर्वजापाशी येऊन थांबतो, की ज्याच्या पुढचे सारे ठाऊक असते आणि ज्याच्या मागचे काहीच ठाऊक नसते. मराठी घराण्यांच्या कुलवृत्तांतांत असा पुरुष म्हणजे कोकणातून देशावर आलेला, किंवा देशावरून माळव्यात, बडोद्यास वा तंजावरास गेलेला मूळपुरुष. ऑस्ट्रेलियातील असंख्य कुटुंबांच्या वंशवृक्षात हा मूळपुरुष एका जहाजातून उतरतो, आणि त्याच्या नावापुढे गाव, धंदा व वय यांबरोबरच शिक्षेची वर्षेही लिहिलेली असतात. अशा हद्दपार पूर्वजाने मायदेशी मागे ठेवलेल्या घराचा शोध कसा लागतो, आणि तो का घ्यावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

१७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे १ लाख ६२ हजार स्त्रीपुरुषांना हद्दपारीची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियात पाठविण्यात आले. शिक्षा ७ वर्षांची, १४ वर्षांची किंवा जन्माची असे. बहुतेकांचे अपराध चोरीमारीचे होते. काहींचे राजकीय होते. त्यांच्या वंशजांनी ही गोष्ट दीर्घकाळ झाकून ठेवली. व्हॅन डीमेन्स लँड या बेटाचे नाव १८५६ साली बदलून टास्मानिया करण्यात आले, त्यामागे बंदिवानांची वसाहत हा डाग पुसून टाकण्याची इच्छा हेही एक कारण होते. घरातील जाणती माणसे विषय टाळीत, आणि नातवंडांना पणजोबा स्वखुशीने आल्याचे सांगितले जाई.

गेल्या काही दशकांत हे चित्र पालटले. बंदिवान पूर्वज सापडणे ही आता तेथे लाजेची गोष्ट राहिलेली नाही, उलट अभिमानाने सांगण्याची झाली आहे. ऑस्ट्रेलियातील बंदिवानांचे दप्तर युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतिसूचीत समाविष्ट केले. परंतु या अभिमानाच्या भरात एक गोष्ट मागे पडली. वंशवृक्ष जहाजापासून सुरू होऊ लागला. जहाजावर चढलेल्या माणसाला आई होती, भावंडे होती, आणि त्यांतील पुष्कळांना लग्नाची बायको व लहान मुले होती. बंदिवान स्त्रियांपैकीही अनेकींची मुले किनाऱ्यावरच राहिली. त्या सर्वांचे पुढे काय झाले, हा प्रश्न वंशवृक्षात कोठेच विचारला जात नव्हता.

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी इंग्लंडच्या दक्षिणेकडील शेतमजुरांचे उदाहरण घेता येईल. हाताने धान्य झोडपणे हे तेथील मजुरांचे हिवाळ्यातील हक्काचे काम होते. मळणीयंत्रे आली आणि ते काम गेले. १८३० च्या ऑगस्टमध्ये केंट परगण्यात मजुरांनी यंत्रे फोडण्यास आरंभ केला आणि हिवाळ्यापर्यंत हे लोण हॅम्पशायर, विल्टशायर, बर्कशायर असे पसरत गेले. जमीनदारांना धमकीची पत्रे येत, त्यांखाली 'कॅप्टन स्विंग' या काल्पनिक नावाची सही असे. सरकारने खास न्यायालये बसविली. १९ जणांना फाशी झाली आणि सुमारे ४८० जणांना हद्दपार करण्यात आले. १८३१ साली 'एलायझा' आणि 'प्रोटियस' ही जहाजे अशा मजुरांना घेऊन होबार्टला, आणि 'एलिनॉर' हे जहाज सिडनीला पोहोचले. हे लोक सराईत गुन्हेगार नव्हते. गावात रुजलेले, लग्न झालेले, पोरेबाळे असलेले असे कितीतरी जण त्यांत होते. एकेका खेड्यातून एका रात्रीत घरचे कर्ते पुरुष गेले.

होबार्टला उतरलेल्या बंदिवानाविषयी सरकारने जे लिहून ठेवले आहे, ते पाहून आजचा वाचक थक्क होतो. त्याची उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, भुवयांचा आकार, अंगावरील व्रण, दंडावर गोंदविलेली अक्षरे, सारे काही नोंदविलेले असते. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला अपराध, त्याचे जन्मगाव, विवाहित की अविवाहित, मुले किती, पुढे कोणाच्या हाताखाली काम केले, केव्हा दारू प्यायला, केव्हा फटके खाल्ले, हेही त्याच पानावर सापडते. ज्याला ताब्यात ठेवायचे असते त्याला राज्यसंस्था बारकाईने लिहून ठेवते. त्याच्या बायकोने मात्र कोणताही अपराध केलेला नव्हता, म्हणून तिच्यासाठी असे पान कोणीच उघडले नाही. ती कागदावर उमटली ती बहुधा तिला भाकरी मागावी लागली तेव्हाच.

इंग्लंडमध्ये गरिबांना साहाय्य देण्याचे काम प्रत्येक चर्चच्या हद्दीतील गावाकडे, म्हणजे पॅरिशकडे असे. त्यासाठीचा पैसा गावातील जमीनजुमला असणाऱ्यांवरील करातून येई. कर्ता पुरुष गेलेल्या घरातील बाईला या साहाय्यासाठी पॅरिशच्या दारात उभे राहावे लागे. आठवड्याला किती शिलिंग दिले, मुलाला जोडे घेऊन दिले की नाही, अशा नोंदी हिशेबाच्या वह्यांत आढळतात. लग्नानंतर स्त्रीचे हक्काचे गाव नवऱ्याचे गाव ठरत असल्यामुळे, दुसरीकडे राहणाऱ्या अशा बाईला मुलांसह तिच्या नवऱ्याच्या पॅरिशमध्ये हलविण्याचा हुकूमही निघू शके. १८३४ च्या नव्या कायद्यानंतर साहाय्याची वाट वर्कहाउस नावाच्या आश्रयगृहाकडे वळली. तेथे पुरुष, स्त्रिया आणि मुले यांना वेगवेगळे ठेवीत. ज्या घरातून बाप आधीच गेला होता, त्या घरातील आईपासून मुलेही तोडली जाण्याची ही व्यवस्था होती.

साहाय्य नाकारलेही जाई. डॉर्सेटमधील टॉलपडल गावच्या सहा मजुरांनी १८३३ साली मजुरीसाठी संघटना बांधली. गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून त्यांना ७ वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. त्यांच्या बायकांनी पॅरिशकडे मदत मागितली तेव्हा स्थानिक न्यायाधिकारी जेम्स फ्रॅम्प्टन यांनी ती मिळू दिली नाही. लंडनमधील सहानुभूतीदारांच्या समितीने वर्गणी जमवून या कुटुंबांना जगविले. टॉलपडलच्या घरांची हकीकत आज माहीत आहे, ती त्या खटल्याला प्रसिद्धी मिळाली म्हणून. ज्यांच्या पाठीशी अशी समिती नव्हती, अशा हजारो घरांची हकीकत वहीतील एका ओळीतून वाचावी लागते.

आता वेळेचा आणि अंतराचा विचार करावा. जहाजाला जाण्यास सुमारे चार महिने लागत. पत्र लिहून उत्तर यावयाचे तर वर्ष उलटे, आणि दोन्हीकडची माणसे पुष्कळदा निरक्षर असत. ७ वर्षांची शिक्षा पुरी झाली तरी परतीचे भाडे ज्याचे त्याने भरावयाचे होते. शेतमजुराला ते कसे परवडणार? यंत्रे फोडणाऱ्या मजुरांपैकी बहुतेकांना १८३० च्या दशकातच माफी मिळाली, तरी परत गेलेले फार थोडे. कागदावरील ७ वर्षे अशा रीतीने प्रत्यक्षात जन्मठेप ठरली. शिक्षा भोगणारा एक होता, पण ती मोजणारी माणसे दोन किनाऱ्यांवर होती.

निघण्यापूर्वी काही बंदिवान तांब्याचे नाणे घासून गुळगुळीत करीत आणि त्यावर स्वतःचे नाव, प्रिय व्यक्तीचे नाव, एखादे हृदयाचे चित्र कोरवून मागे ठेवून जात. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी ३०० हून अधिक नाणी आहेत. ही नाणी देणाऱ्यांची पाने अभिलेखागारात सापडतात. ती ज्यांच्या हातात दिली गेली, त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

कुटुंब एकत्र येण्याची एक वाट कायद्याने ठेवलेली होती. चांगल्या वर्तणुकीच्या बंदिवानाने अर्ज केला आणि राज्यपालाने शिफारस केली, तर त्याच्या बायकामुलांना सरकारी खर्चाने पाठविले जाई. अनेक स्त्रियांनी तसे अर्ज केले, काही गेल्याही. शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने हे अर्ज फार मोलाचे आहेत, कारण त्यांत बायकोचे नाव, मुलांची नावे व वये आणि राहण्याचे ठिकाण ही माहिती एकत्र मिळते. आयर्लंड सरकारने १९८८ साली, ऑस्ट्रेलियातील वसाहतीला २०० वर्षे झाली त्या वेळी, आपल्याकडील हद्दपारीच्या दप्तराच्या सूक्ष्मचित्रफिती ऑस्ट्रेलियाला भेट दिल्या, त्यांत अशा विनंत्याही आहेत.

परंतु 'जावे' हे म्हणणे सोपे आणि निघणे कठीण. टॉलपडलचे पुढारी जॉर्ज लव्हलेस यांनी व्हॅन डीमेन्स लँडमधून पत्नी एलिझाबेथ यांना मुलांसह येण्याविषयी लिहिले. इतक्यात १८३६ साली माफी जाहीर झाली. लव्हलेस यांना जहाज मिळत होते, तरी ते लगेच निघाले नाहीत. पत्नी निघाली असेल आणि दोन जहाजे समुद्रात एकमेकांजवळून विरुद्ध दिशांनी गेली तर? पत्नी निघालेली नाही असे पत्र हाती आल्यावरच ते १८३७ च्या आरंभी जहाजावर चढले आणि जूनमध्ये इंग्लंडला पोहोचले. स्वतंत्र झालेला माणूस केवळ एका पत्रासाठी बंदिवासाच्या भूमीवर थांबून राहिला. कुटुंब विसरून गेलेला बंदिवान ही सरसकट समजूत तपासून घेण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

याउलट, नव्या भूमीत दुसरे लग्न केलेलेही पुष्कळ होते. येथे घाईने निर्णय देऊ नये. त्या काळी इंग्लंडमध्ये सामान्य माणसाला घटस्फोट जवळजवळ अशक्य होता. १८५७ पर्यंत पूर्ण घटस्फोटासाठी संसदेचा स्वतंत्र कायदा करवून घ्यावा लागे. कायद्यातील एक तरतूद अशी होती, की जोडीदार सलग ७ वर्षे दूर असेल आणि तो जिवंत असल्याचे ठाऊक नसेल, तर पुन्हा लग्न करणाऱ्याला द्विभार्याप्रतिबंधाखाली शिक्षा होत नसे. ते दुसरे लग्न त्यामुळे कायदेशीर मात्र ठरत नसे. दोन्ही किनाऱ्यांवरील माणसांनी या ७ वर्षांच्या फटीतून आपापले संसार पुन्हा उभे केले. वसाहतीत लग्नासाठी राज्यपालाची परवानगी लागे. म्हणून उतरताना 'विवाहित, दोन मुले' असे सांगणारा मनुष्य काही वर्षांनी परवानगीच्या वहीत 'अविवाहित' किंवा 'विधुर' म्हणून आढळतो. इकडे त्याची बायकोही जनगणनेत स्वतःला विधवा म्हणविते. दोन्ही नोंदी खोट्या असतील. दोघांनाही दुसऱ्याची खबर खरोखरच नसेल, हेही तितकेच शक्य आहे.

प्रत्यक्ष शोधाची रीत साधी आहे, पण चिकाटी मागणारी आहे. आरंभ बंदिवानाच्या पानापासूनच करावा, कारण जन्मगाव आणि नातलग यांचा धागा तेथेच असतो. टास्मानियाचे हे दप्तर आज घरबसल्या विनामूल्य पाहता येते. नंतरच्या काळातील नोंदींत आईवडील व भावंडांची नावेही मिळतात. खटला जेथे चालला ते शहर आणि जन्मगाव यांची गल्लत होऊ देऊ नये. नावांची अक्षरे कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेली असतात, म्हणून एकच आडनाव चार प्रकारांनी शोधावे लागते.

त्यानंतर पॅरिशच्या वह्यांत लग्नाची आणि मुलांच्या नामकरणाची नोंद पाहावी. शिक्षेच्या वर्षाआधीची लहान मुले तेथे भेटतात. पुढे जनगणना. १८४१ च्या जनगणनेत घरातील नाते लिहिलेले नाही, आणि १५ वर्षांवरील माणसांची वये साधारणतः पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिलेली आहेत. केवळ तिच्या आधारे कुटुंब जुळवू नये. १८५१ च्या जनगणनेत नाते, वैवाहिक स्थिती आणि जन्माचे पॅरिश आहे. नवरा नसलेल्या घरात 'घरप्रमुख' म्हणून लिहिलेली स्त्री आणि तिची मोठी झालेली मुले येथे ओळखता येतात. १८३७ पासून इंग्लंडमध्ये सरकारी विवाहनोंदणी सुरू झाली. त्या दाखल्यावर वधूवरांच्या वडिलांचे नाव व धंदा हे रकाने होते. बापाला जाऊन वीस वर्षे झालेली मुलगी लग्नाच्या दिवशी त्याचे नाव सांगते, आणि कारकून ते लिहितो. मागे राहिलेल्या घराने त्या माणसाला विसरून टाकले होते की नाही, याचा पुरावा कधी कधी एवढ्या एका रकान्यात मिळतो.

नाव, वय, गाव आणि घरातील इतर माणसे यांपैकी निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय ओळख पटली असे मानू नये. दुसऱ्या संसारातील मुलांना पहिल्या संसारातील मुलांचीच नावे दिलेली आढळली तर ती खूण समजावी, पुरावा समजू नये. तीच गोष्ट हल्लीच्या डीएनए चाचणीची. दोन संसारांचे वंशज हे सावत्र भावंडांचे वंशज. त्यांच्यात सामाईक पूर्वज एकच, त्यामुळे सामाईक अंशही पूर्ण भावंडांच्या वंशजांच्या निम्मा. पाच-सहा पिढ्यांनंतर तो इतका क्षीण होतो, की खरे नाते असूनही चाचणीत काहीच न दिसण्याचा संभव मोठा. चाचणी जुळली तर ती कागदांना बळ देते. न जुळल्यास नाते नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

हा सारा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. ज्या काळात इंग्लंडची जहाजे ऑस्ट्रेलियाकडे जात होती, त्याच काळात ईस्ट इंडिया कंपनी हिंदुस्थानातील कैद्यांना समुद्रापार धाडीत होती. पिनांग, सिंगापूर, मॉरिशस ही त्यांची ठिकाणे. मॉरिशसला १८१५ पासून सुमारे दोन दशकांत १,५०० च्या आसपास कैदी गेले, आणि त्यांत मुंबई इलाख्यातील लोकही होते. मार्च १८५८ मध्ये २०० कैद्यांना घेऊन डॉ. वॉकर अंदमानात उतरले आणि पोर्ट ब्लेअरची वसाहत सुरू झाली. तेथे स्थायिक झालेल्या कैद्यांची संतती आजही अंदमानात आहे. त्यांच्याही वंशवृक्षाला मुख्य भूमीवर राहिलेली एक फांदी आहे.

तिचा शोध इंग्लंडमधील शोधापेक्षा अवघड आहे, कारण येथील खेड्यांत पॅरिशच्या वह्यांसारखी जन्म-विवाहाची सलग नोंद नव्हती. तथापि वेगळ्या तऱ्हेचे कागद आहेत. काशी, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या यजमानाच्या पिढ्या, गाव आणि सोबतची माणसे लिहिलेली असतात. जमिनीच्या कागदांत कोणाच्या नावाचे शेत कोणाच्या नावावर चढले हे दिसते. आणि कुलवृत्तांतात एखाद्या नावापुढे रेघ थांबते, 'परागंदा' किंवा 'माहिती नाही' असा शेरा येतो. असा शेरा म्हणजे वंश संपल्याचा पुरावा नव्हे. शोध तेथून सुरू व्हावयाचा असतो.

शेवटी एका जबाबदारीचा उल्लेख केला पाहिजे. टास्मानियातील वंशजाला विल्टशायरमधील एखादे घर सापडते, तेव्हा त्या घरातील माणसे बहुधा असे मानून असतात की त्यांची पूर्वज आजी तरुणपणीच विधवा झाली. परक्या देशातून आलेल्या एका पत्राने ती विधवा एकदम टाकलेली बायको ठरते आणि कष्टाळू म्हणून आठवला जाणारा आजा बंदिवान ठरतो. म्हणून असे पत्र लिहिताना निकाल कळविण्याची घाई करू नये. आधी कागद दाखवावेत, त्यांचे किती आणि कसे ऐकावयाचे हे त्या घराला ठरवू द्यावे. ती कहाणी दोन्ही घरांची सारखीच आहे. उलट, त्या घरात एखादे घासलेले नाणे, एखादे जीर्ण पत्र, आजीच्या तोंडून आलेली एखादी ओळ जपलेली असू शकते, जी होबार्टच्या दप्तरात कधीही मिळणार नाही.

आणि वंशवृक्ष लिहिताना त्या स्त्रीचे नाव कंसात किंवा तळटीपेत घालू नये. नवरा गेल्यावर मजुरी करून, पॅरिशच्या दारात उभे राहून तिने जी मुले वाढविली, तीही त्याच कुळाची आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र ओळ काढावी.

या सभागृहात बसलेल्या कुटुंबांचे पूर्वज बेड्यांत नव्हे, तर नोकरी, सैन्य, व्यापार यांच्या निमित्ताने आले. पण गाव सोडणे, मागे कोणीतरी राहणे आणि दोन पिढ्यांत पत्रव्यवहार थांबणे हे येथील घरांनाही ठाऊक आहे. विद्यालयाच्या ६० वर्षांच्या जनरल रजिस्टरात प्रत्येक मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मस्थान शाईने लिहिलेले आहे. ज्या घरांना मूळ गावाचे नावही आज आठवत नाही, त्यांतील काहींना ते या रजिस्टरात मिळेल. माजी विद्यार्थ्यांनी ते एकदा पाहावे, पालकांनी घरातील वृद्धांना मागे राहिलेल्या माणसांची नावे विचारून ती मुलांच्या हातून लिहवून घ्यावीत. ती सांगू शकणारी माणसे आज घरात आहेत.